चर्चच्या सेवामंडळात पहिले वर्ष : ठाण्यात नव्याने आलेल्यांसाठी

रविवारची मिस्सा संपली की दाराशेजारच्या 'गरिबांसाठी' असे लिहिलेल्या पेटीत दहा-वीस रुपये टाकून बहुतेक माणसे घरी जातात, आणि त्या पैशांचे पुढे काय होते हे वर्षानुवर्षे त्याच चर्चमध्ये येणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. ते पैसे कोणाच्या घरी, कोणत्या रूपाने आणि कोणाच्या हातून पोहोचतात आणि नव्या माणसाने या कामात कोठून शिरावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. मी ठाण्यातल्या एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या समुदायात, गरिबांना मदत करणाऱ्या सेवामंडळाचे हे काम बरीच वर्षे करतो आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या इमारतींत राहायला आलेली तरुण मंडळी आमच्याकडे मनापासून येतात आणि दोन-तीन महिन्यांत येईनाशी होतात. त्यांची कळकळ खरी असते. काम प्रत्यक्षात कसे आहे, हे त्यांना आधी कोणी नीट समजावून सांगितलेले नसते.

आपले चर्च कोणते, हे आधी पाहा

ठाण्यातली ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातले आहे, तर सेंट जेम्स चर्च ब्रिटिश काळातले. इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांना ईस्ट इंडियन म्हणतात, आणि त्यांची मातृभाषा मराठीच आहे. कारखान्यांच्या आणि पुढे नवी मुंबईच्या उभारणीच्या काळात गोवा, मंगळूर, केरळ आणि तामिळनाडूतून आलेली कुटुंबे त्यांच्यात मिसळली. त्यामुळे एकाच शहरात अनेक पंथांची चर्चे आहेत आणि प्रत्येकाचे सेवाकार्य स्वतंत्रपणे चालते. लॅटिन विधीचे, म्हणजे रोमन उपासनापद्धतीचे, कॅथलिक मुंबईच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत येतात, सिरो-मलबार विधीच्या, म्हणजे केरळातल्या कॅथलिक परंपरेच्या, मंडळींसाठी कल्याणचा धर्मप्रांत (एका बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश) १९८८ साली स्थापन झाला आणि २०२५ पासून तो महाधर्मप्रांत आहे, आणि वसईहून इकडे आलेल्यांनी लक्षात ठेवावे की वसईचा धर्मप्रांत १९९८ पासून वेगळा झालेला असल्यामुळे तिकडची नोंद इकडे आपोआप येत नाही.

कॅथलिक धर्मग्रामाची हद्द ठरलेली असते. तुमची इमारत कोणत्या हद्दीत येते हे धर्मग्रामाच्या कार्यालयात विचारावे, कुटुंबाची नोंद करावी आणि आपल्या भागातला लहान ख्रिस्ती समूह, ज्याला सगळे एससीसी म्हणतात, कोणाच्या घरी जमतो ते विचारून घ्यावे. सेवामंडळाकडे येणाऱ्या गरजू कुटुंबांची माहिती बहुधा या समूहांतूनच येते, कारण शेजारच्या घरात चूल पेटली नाही हे शेजाऱ्यालाच आधी कळते.

कार्यालयात दोनच गोष्टी सांगाव्यात: आठवड्यातली कोणती वेळ तुम्ही नक्की देऊ शकता, आणि तुम्हाला कोणत्या भाषा बोलता येतात. ठाण्यासारख्या शहरात दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व फार आहे. तमिळ किंवा भोजपुरी बोलणारा एक माणूस मंडळात आला की ज्या घरांत आम्ही इतके दिवस खाणाखुणांनी बोलत होतो तिथे खरे बोलणे सुरू होते.

मंडळाची बैठक

ज्या मंडळाविषयी मी लिहितो आहे ते संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या नावाचे आहे. बोलताना सगळे त्याला एसव्हीपी म्हणतात. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या काही मित्रांनी ते सुरू केले. ओझानाम तेव्हा अवघा २० वर्षांचा विद्यार्थी होता. गरिबांच्या घरी कसे जायचे, हे या तरुणांना रोझली रेंड्यू नावाच्या सिस्टरने शिकवले. त्या शहरातल्या गरीब वस्तीत त्या कित्येक वर्षे काम करत होत्या. हा तपशील मी नव्या सदस्यांना आवर्जून सांगतो, कारण ओझानामलाही हे कोणाकडून तरी शिकावे लागले होते. मंडळाच्या स्थानिक शाखेला 'कॉन्फरन्स' म्हणतात. हे विद्यार्थी ज्या वादविवाद-मंडळात जमत त्याचे नाव कॉन्फरन्स होते, तेच पुढे चिकटले.

बैठक साधारण तासाभराची असते. प्रार्थना होते, मागच्या बैठकीचे इतिवृत्त वाचले जाते, खजिनदार शिल्लक सांगतो आणि मग घरभेटी करून आलेली प्रत्येक जोडी आपापल्या कुटुंबाविषयी सांगते. कोणाला काय द्यायचे हे तिथे, सर्वांच्या विचाराने ठरते. एकट्या सदस्याने घरी जाऊन शब्द देऊन यायचे नसते. शेवटी एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येक जण मूठ बंद करून तिच्यात हात घालतो आणि रिकामी मूठ बाहेर काढतो. कोणी किती टाकले हे कोणाला दिसत नाही, आणि ज्याच्याकडे त्या आठवड्यात टाकायला काही नाही तोही त्याच रीतीने हात घालतो. आमच्यातले काही सदस्य पूर्वी स्वतः मदत घेणाऱ्या कुटुंबांतले आहेत, आणि या पिशवीमुळे ते इतरांच्या बरोबरीने बसू शकतात.

पहिले तीन महिने बैठकीत फक्त ऐकावे. कुटुंबांची नावे आणि अडचणी ऐकून बैठकीबाहेर काही बोलू नये, अगदी नवऱ्याजवळ किंवा बायकोजवळही नाही. एकाच धर्मग्रामात राहणारी माणसे रविवारी एकमेकांसमोर येतात, आणि 'ते मदत घेतात' हे वाक्य एकदा बाहेर गेले की परत आणता येत नाही.

घरभेट

या कामाचा गाभा घरभेट हा आहे. पिशव्या भरणे, वाटप करणे, निधी गोळा करणे ही सगळी कामे घरभेटीच्या मागे येतात, आणि नवी मंडळी टिकत नाहीत ती बहुतेक वेळा इथेच, कारण वाटपाच्या दिवशी जो समाधानाचा अनुभव येतो तो घरभेटीत येईलच असे नसते.

भेटीला नेहमी दोघांनी जावे, त्यातला एक जण जुना असावा. घरी एकटी बाई किंवा फक्त मुले असतील तर दारातूनच बोलावे आणि पुन्हा येण्याची वेळ ठरवावी. जाण्यापूर्वी त्या वस्तीत पाणी केव्हा येते हे विचारून घ्यावे. वागळे इस्टेटच्या आसपासच्या चाळींत नळाला पाणी येण्याच्या वेळी दारात जाऊन उभे राहिले तर त्या बाईने तुमच्याशी बोलावे की हंडे भरावेत? दुपारी कामावर गेलेली माणसे नसतात, रात्री उशिरा जाणे शोभत नाही. संध्याकाळी साडेसहा ते आठ ही वेळ आम्हाला बरी पडते.

माझी पहिली भेट किसननगरातल्या एका वृद्ध बाईंकडे होती. लोखंडी जिना इतका उभा होता की एका हाताने कठडा धरावा लागे. बाईंनी स्टोव्ह पेटवायला घेतला तेव्हा मी घाईने म्हणालो, "मावशी, चहा नको, आम्ही पिऊन आलोय." माझ्याबरोबरचे ज्येष्ठ सदस्य मात्र खाली सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "मला द्या अर्धा कप, साखर कमी." खाली उतरल्यावर ते मला म्हणाले, "तू चहा नाकारलास म्हणजे तिच्याकडे तुला देण्यासारखे काही नाही, असे तू तिला सांगून आलास." तेव्हापासून मी मिळेल तो चहा घेतो.

बसल्यावर आधी घरातल्या माणसांची चौकशी करावी. रेशन, भाडे, कर्ज हे विषय त्यांच्याकडून येऊ द्यावेत. समोर वही उघडून लिहीत बसू नये, टिपणे बाहेर पडल्यावर करावीत. न बोललेलेही पाहायला शिकावे. त्याच मावशींच्या फळीवर रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी होती. ती महिन्याच्या २० तारखेला संपायला हवी होती आणि २८ तारखेला तिच्यात चार गोळ्या शिल्लक होत्या. मावशी दिवसाआड गोळी घेत होत्या आणि कोणी विचारले असते तर 'औषध चालू आहे' असेच सांगत होत्या. त्या महिन्यापासून तांदूळ दोन किलोंनी कमी करून गोळ्यांचे पैसे आम्ही औषधाच्या दुकानात भरू लागलो, आणि त्यांना खरी गरज त्याचीच होती.

आणखी एक चूक सांगतो, ती माझीच आहे. शाळेच्या साहित्याच्या वाटपाच्या वेळी मी मुलांचे फोटो काढले आणि धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकले. दप्तर हातात घेतलेल्या एका मुलीचा फोटो तिच्या वर्गातल्या कोणाच्या तरी आईपर्यंत पोहोचला. पुढच्या जूनमध्ये ती मुलगी दप्तर घ्यायला आली नाही आणि तिची आईही आमच्याशी नीट बोलेना. फोटो काढायचेच असतील तर रचलेल्या वह्यांचे काढावेत. देणगीदारांना हिशेब हवा असतो, त्यासाठी घेणाऱ्याचा चेहरा दाखवण्याची गरज नसते.

काय द्यावे आणि कसे

रेशनची पिशवी सर्वांना सारखी असावी असे नव्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात मंगळूरकडच्या किंवा तमिळ घरात उकडा तांदूळ लागतो, उत्तर भारतातून आलेल्या घरात पीठ जास्त लागते, आणि ज्या घरात दात नसलेली आजी एकटी आहे तिथे चणे देऊन काही उपयोग नाही. म्हणून आधी विचारावे. घरभाडे थकले असेल तर ते कोणाला आणि किती द्यायचे आहे याची खात्री करून घ्यावी. शाळेची फी शाळेच्या नावाने भरावी आणि पावती कुटुंबाकडे द्यावी. रोख रक्कम शक्यतो टाळावी, मात्र आजारी माणसाला कळव्याच्या रुग्णालयात रिक्षाने न्यायचे असेल तेव्हा नियमाकडे बोट दाखवत बसू नये.

जुन्या कपड्यांविषयी मी ठाम आहे. धुतलेले, इस्त्री केलेले, सगळी बटणे असलेले कपडे असतील तरच आणावेत. तुम्ही स्वतः जे घालून मिस्सेला जाणार नाही ते दुसऱ्याला घालायला देऊ नये.

वर्षाच्या ओघात कामाचा भर बदलत जातो. जूनच्या मध्याला शाळा उघडतात तेव्हा वह्या-दप्तरे, पावसाळ्यात पत्र्याच्या छपरांवर घालायची प्लास्टिकची ताडपत्री, २७ सप्टेंबरला संत व्हिन्सेंट यांचा सण, नोव्हेंबरच्या मध्यात पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेला आणि २०१७ पासून पाळला जाणारा गरिबांचा जागतिक दिन, मग नाताळ, आणि राखेच्या बुधवारपासून उपवासकाळातला दानधर्म. देणगी नाताळात सर्वाधिक येते आणि गरज मात्र जून-जुलैत सर्वाधिक असते. तुम्हाला वर्षातून एकदाच काही द्यायचे असेल तर ते मे महिन्यात द्या, असे मी प्रत्येकाला सांगतो.

सरकारी योजनांची माहिती असलीच पाहिजे

मंडळाचा निधी लहान असतो. एका शस्त्रक्रियेच्या खर्चात तो संपून जाईल. म्हणून ज्या कुटुंबाला जो हक्क कायद्याने मिळालेला आहे तो मिळवून देण्यासाठी त्यांच्याबरोबर खेटे घालणे, हे आमच्या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे काम आहे. ज्यांना सुशिक्षित असूनही घरभेटीत अवघडायला होते अशा सदस्यांनी हे अंगावर घ्यावे.

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. त्यासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला भेटावे लागते आणि रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखवावा लागतो. हा दाखला रुग्ण दाखल झाल्यावर काढायला धावण्यापेक्षा घरात दीर्घ आजारी माणूस आहे असे दिसताच काढून ठेवावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशीही त्याच वेळी करावी. एकदा एका मोठ्या रुग्णालयात आम्हाला 'अशी योजना आमच्याकडे नाही' असे खिडकीवरच सांगण्यात आले होते. आम्ही शांतपणे ते लेखी मागितले, तेव्हा समाजसेवा विभागाचा रस्ता सापडला.

विधवा, परित्यक्ता, अपंग आणि निराधार व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे आणि ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना. दोन्हींचे अर्ज तहसील कार्यालयात होतात. मात्र अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्रात राहिलेला असावा लागतो, त्यामुळे दोन-चार वर्षांपूर्वी परराज्यातून आलेल्या बाईला आशा लावण्यापूर्वी हे पाहून घ्यावे. उलट, रेशनच्या बाबतीत परराज्यातल्यांना वाटते त्यापेक्षा सोपे आहे: अन्न सुरक्षा कायद्याखालचे गावाकडचे कार्ड आधारशी जोडलेले असेल तर त्याच्यावरचे धान्य इथल्या दुकानातही मिळते. बिहारमधल्या किंवा झारखंडमधल्या गावचे कार्ड ट्रंकेत ठेवून इथे बाजारभावाने गहू घेणारी कुटुंबे आम्हाला अजूनही भेटतात.

आणखी एक गैरसमज वारंवार समोर येतो. 'फादरना सांगून कॉन्व्हेंटमध्ये पंचवीस टक्क्यांतून प्रवेश मिळवून द्या' अशी विनंती घेऊन पालक येतात. शिक्षण हक्क कायद्यातली २५ टक्के जागांची तरतूद अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आहे. अशा पालकांना जवळच्या इतर खासगी शाळांची यादी आणि अर्जाची मुदत सांगावी. खोटी आशा लावून त्यांचे वर्ष वाया घालवू नये.

देणगी आणि हिशेब

देणगी देताना पावती मागावी आणि घेताना न मागताही द्यावी. देणगीवरच्या आयकर-सवलतीसाठी, जिला सगळे ८०जी म्हणतात, २,००० रुपयांहून अधिक रोख देणगी धरली जात नाही, म्हणून त्यापुढची रक्कम धनादेशाने किंवा बँकेतून घ्यावी; ही सवलत मिळण्यासाठी त्या न्यासाकडे तशी मान्यता असावी लागते, तेव्हा ते आधी विचारून घ्यावे. परदेशातल्या नातेवाइकांकडून पैसे मागवण्याची कल्पना प्रत्येक नव्या सदस्याला सुचते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयाची देणगी कायद्याने परदेशी देणगी ठरते, आणि ती परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, दिल्लीतल्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच घेता येते. स्वतःच्या खात्यात असे पैसे मागवून मग मंडळाला देणे हा मार्ग कोणीही, कितीही चांगल्या हेतूने, पत्करू नये.

मदत आणि धर्म

आमच्या नोंदवहीत निम्म्याहून अधिक कुटुंबे ख्रिस्ती नाहीत. मदत मिळवण्यासाठी कोणाला चर्चमध्ये यावे लागत नाही, प्रार्थना म्हणावी लागत नाही, आणि घरभेटीच्या वेळी आम्ही धर्माचा विषय काढत नाही. नव्या सदस्यांना मी हे अगदी स्पष्ट शब्दांत सांगतो. उपाशी माणसाला पिशवीबरोबर उपदेश दिला तर त्याला नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य उरत नाही, आणि तसा घेतलेला होकार कोणत्याच धर्मात खरा मानता येणार नाही. एखाद्या घरात गणपती बसलेला असेल तर प्रसाद घ्यावा, बसावे, आणि मग गोळ्यांची पट्टी पाहावी.

तुम्हालाच मदत हवी असेल तर

शहरात नवे आहात, नोकरी गेली आहे, घरात आजारपण आहे, अशा वेळी धर्मग्रामाच्या कार्यालयात जाऊन 'मला एसव्हीपीच्या कोणाशी तरी बोलायचे आहे' एवढे सांगितले तरी पुरते. मदत का हवी आहे हे तिथल्या खिडकीवर सांगण्याची गरज नाही. रेशनकार्ड, आधार, औषधाची चिठ्ठी आणि शाळेची फी थकली असल्यास शाळेचे पत्र एवढे जवळ ठेवा. काही दिवसांत दोघे जण घरी येतील आणि बैठकीत निर्णय झाल्यावर पुन्हा येतील. त्याला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, तातडी असेल तर ती पहिल्याच वेळी सांगा.

मदत थांबवताना

नोंदवहीत प्रत्येक कुटुंबापुढे एक शेवटचा रकाना असतो, आणि त्यात तारीख केव्हा लिहायची हे ठरवणे नव्या सदस्याला सर्वांत जड जाते. मुलगा कामाला लागला, भाडे वेळेवर जाऊ लागले, तरी पिशवी चालूच राहिली तर रांगेतल्या दुसऱ्या घराला ती मिळत नाही. म्हणून दोन महिने आधी सांगावे, मग पिशवी अर्धी करावी, मग बंद करावी. भेट मात्र बंद करू नये. आम्ही रेशन थांबवलेल्या घरी पुढचे वर्षभर तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या हाताने जातो, चहा घेतो आणि घरातल्यांची चौकशी करून येतो. पहिल्या वर्षाच्या अखेरीस तुमच्याकडे असे एखादे घर सोपवले जाईल. त्या भेटीला जाताना हातात काही नसल्यामुळे सुरुवातीला अवघडल्यासारखे होईल, तरी जा.